सवतीचं माहेर

चित्त्याच्या गळ्यातली घरघर तुम्ही कधी ऐकली आहे काय? भल्या सकाळी शेजारच्या घरी कुणी जात्यावर बसावे आणि भिंतीला टेकलेल्या आपल्या पाठीत तो मंद, अखंड, ऊबदार नाद झिरपत यावा, तशी ती घरघर. वाघाची डरकाळी काळजात धडकी भरवते. चित्ता मात्र संतुष्ट झाला म्हणजे मांजरासारखा घुमतो. वीस वर्षे त्या नादाला कान लावून मी झोपलो. संस्थान होते तेव्हा मी इथे कोल्हापुरात चित्तेवान होतो, शिकारखान्यातले चित्ते सांभाळणारा; आणि माझ्या हाताखालची मादी चंद्री माझ्या मांडीवर डोके टेकून पडायची. संस्थान गेले, चंद्री गेली, मी सत्तरीला आलो. डाव्या कानाने ऐकू येत नाही, तरी तो नाद कुठून ऐकू येतो कोण जाणे!

मोंबासाहून जावयांचे पत्र आले, तेव्हा तो पुन्हा जागा झाला. थोरली लेक तिकडे आफ्रिकेत नांदते. जावई मोटारींचे मिस्त्री. त्यांनी लिहिले होते, “मामा, आत्यास्नी घेऊन बोटीनं या. हितनं मोटारीनं तीन तासांवर त्सावोचं रान हाय. तुमास्नी मोकळा चित्ता दावतो.” सोबत एक रंगीत चित्र होते. तांबडी माती, काटेरी झुडपे, पाणी आटून वाळूच उरलेली नदी, आणि तीच माती अंगावर उधळून तांबडे झालेले हत्ती! जोतिबाच्या चैत्र यात्रेत गुलालाने न्हालेला हत्ती आपण पाहतो. इथे तर अख्खा कळपच्या कळप यात्रेहून परतल्यासारखा! आणि केवढे ते रान! पन्हाळ्याच्या तटावरून चारी दिशांना नजर पोचेल तेवढा मुलूख उचलून तिथे ठेवला, तर एखाद्या कोपऱ्यात हरवून जाईल. पाऊस थोडा, सावली थोडी, आणि धावायला जागा मात्र अमर्याद. देवाने चित्ता घडवला आणि मग त्याला धावता यावे म्हणून ही भूमी अंथरली, असे मला त्या चित्राकडे पाहता पाहता वाटले.

चंद्री त्याच मुलखातली. आपल्याकडचे चित्ते संपत आले, तेव्हा ते आफ्रिकेहून पिंजऱ्यात घालून बोटीने आणत. ज्या पाण्यावरून ती आली, त्याच पाण्यावरून उलटे जायचे! आमच्या मंडळींनी लगेच ठरवून टाकले, “सवतीचं माहेर बघाय निघाला व्हय? मग मीबी येणार.” चंद्रीला त्या सवतच म्हणत. यात त्यांचाही दोष नाही. लग्न होऊन त्या घरी आल्या, तेव्हा दारासमोरच्या बाजेवर चंद्री साखळीने बांधलेली. चित्ता माणसांना बुजू नये म्हणून त्याला बाजारपेठेतून फिरवायचे असते. नवी नवरी घरात, आणि मी दुसरीलाच घेऊन पेठेतून मिरवतो आहे! कोणती बायको हे गोड मानून घेईल?

तयारी जोरात सुरू झाली. पासपोर्टाच्या फोटोसाठी शाहूपुरीत गेलो, तर फोटोवाला म्हणाला, “पावणं, फेटा काढा.” मी म्हटले, “त्यापरास डोस्कं काढून ठेवतो की!” दोनदा तसाच उठून घरी आलो. तिसऱ्या खेपेला मंडळींनी फेट्याला हात घातला आणि फोटोवाल्याने बटण दाबले. फोटोत मी नाही. माझ्यासारखा दिसणारा कुणी टकल्या म्हातारा चोरी करताना सापडल्यासारखा बघतो आहे. पिवळ्या तापाची लसही दंडावर टोचून घेतली. मनात एकच घोकत होतो. त्या तांबड्या मातीवर उतरेन, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून उभा राहीन, म्हणजे माझा वास पुढे जाईल. आणि चंद्रीला घालायचो ती हाक घालीन. चित्तेवान कोण, हे चित्त्याला वासावरून कळते, असे तालमीच्या कट्ट्यावर मी तीस वर्षे सांगत आलो आहे. एकदा माळवदावर जाऊन हाक घालून पाहिली. आवाज अजून खणखणीत. चित्ता कुठून येणार? गल्लीतली दोन कुत्री मात्र शेपट्या हलवीत जिना चढून आली!

आणि मग जावयांचे दुसरे पत्र आले. रानातले नियम त्यांनी सविस्तर लिहिले होते. मोटारीतून उतरायचे नाही. काच वर ठेवायची. जनावराला हाक मारायची नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याने वीस वर्षे चित्त्याला स्वतःच्या हाताने भरवले, त्याने पेटीतल्या बाहुल्यासारखे काचेआड बसावे? मी उलट टपाली कळवले, असले बघणे मला नको, तिकिटे काढू नका. महिना गेला. पासपोर्ट ट्रंकेत पडून राहिला. मंडळी मात्र लेकीसाठी मिरच्या वाळवत होत्या, मसाला भाजत होत्या, चटणी कुटत होत्या.

एका दुपारी चटणी बरणीत दाबता दाबता त्या म्हणाल्या, “उतरू देत न्हाईत म्हणून रुसलाय, हे दुसऱ्याला सांगा.”

“मग कशापायी रुसलोय?”

“तुमी हाक माराल, आन् ते जनावर वळकबी दावणार न्हाय. त्येचं भ्या वाटतंय तुमास्नी.”

“माझ्या हाकंला चंद्री पाखरागत यायची, इसरलीस व्हय?”

“तुमच्या हाकंला, का पळीला?”

चित्त्याची शिकार म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला हवे. बैलगाडीवर तो डोळ्यांवर टोपी चढवून बसलेला असे. काळविटांचा कळप दिसला की टोपी काढायची. आणि मग जे घडे ते पाहून श्वास थांबावा! त्याने काळविटाचा गळा धरला की आम्ही धावत जाऊन रक्ताने भरलेली लाकडी पळी त्याच्या तोंडापुढे धरायची. तो गळा सोडून पळी चाटू लागला, की टोपी पुन्हा डोळ्यांवर. लोक म्हणत, काय चित्तेवान आहे! पण शिकार तर चंद्रीला तिच्या आईने त्या तांबड्या रानात शिकवलेली. म्हणून तर मोठे झालेलेच चित्ते पकडून आणत. माणसाने वाढवलेल्या पिल्लाला शिकार येत नाही. मी तिला फक्त परत यायला शिकवले. तिच्या किती धावा पाहिल्या, त्याला गणती नाही. पण प्रत्येक धाव माझ्या पळीपाशी येऊन संपली. मी जवळ गेलोच नसतो, तर ती धाव कुठे संपली असती? वीस वर्षांत हा प्रश्न मला एकदाही पडू नये! गर्व माणसाच्या डोळ्यांवर कसली टोपी चढवतो पाहा.

संध्याकाळी जावयांना लिहिले. तिकिटे काढा. काच वर राहू द्या. मी उतरणार नाही, हाक मारणार नाही. पत्र वाचून दाखवले, तेव्हा मंडळींनी डोळे बारीक करून विचारले, “आन् ते आपनहून गाडीपाशी आलं तर?”

“तर तू सरकून बस. खिडकीची जागा माझी.”

येईल, अशी आशा सुटत नाही. खोटे कशाला बोलू? पण बोलावून, भरवून, बांधून मिळवलेली माया उदंड झाली. न बोलावता ती येते की पाठ फिरवून निघून जाते, हे नुसते गप्प बसून बघायचे आहे. आणि निघून गेली तर तिच्या पाठमोऱ्या धावेकडेही तेवढ्याच आनंदाने बघायचे आहे. माझ्यासारख्या माणसाला गप्प बसणे सोपे नाही. म्हणून रोज सकाळी अर्धा तास सवय करतो आहे. मंडळी म्हणतात, सवय चांगली आहे, परत आल्यावरही मोडू नका.