उकिरड्यावरून उचललेली

“हिचे आईबाप कोण, कुणालाच ठाऊक नाही?” तहसील कचेरीतल्या मॅडमनी विचारलं.

“न्हाई जी. सापडलेली हाय,” धर्मापुरीचे आमचे शेजारी म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना आम्हीच तसं सांगितलं होतं.

माझी पोटची लेक उकिरडी सात महिन्यांची गरोदर, माझ्या शेजारी उभी होती. तिच्या जन्माची नोंद कुठंच नव्हती. मॅडम म्हणाल्या, “उद्या कुणी म्हणालं ही या देशाचीच नाही, तर काय दाखवणार? आणि हिचं लेकरू काय दाखवणार?”

“मी आई आहे तिची,” मी म्हटलं.

“तुझी पोटची तर मेली की,” शेजारीण म्हणाली. “मी आलते रडायला.”

पोरीचा बाप केव्हाच वारला होता. माझ्याशिवाय खरं माहीत असलेलं एकच माणूस भिंतीला टेकून उभं होतं, गोदामावशी, आमच्या ऊसतोड टोळीची सुईण.

मूल हातात आलं की मावशी त्याच्याकडे पाठ करायची आणि मोठ्यानं म्हणायची, “काईच आलं न्हाई.” माझी आधीची तिन्ही लेकरं पाचव्या रात्री गेली. त्या रात्री सटवाई नशीब लिहायला येते, माझी तर घेऊनच गेली. कडा गावाच्या उसाच्या फडावर ही झाली, तेव्हा मावशीनं कणकेची बाहुली केली, तिला टोपडं घातलं आणि बांधाला पुरली. मला म्हणाली, “नीट रड. ती ऐकायलीय.” आमच्या पाचटाच्या कोपीबाहेर ऊस हलत होता. वारा नव्हता.

मग तिनं पोरगी उकिरड्यावर ठेवली, “कुणाचं गं हे पडलंय?” म्हणत उचलली आणि माझ्या ओटीत टाकली. पुढं कधी तिला हाक मारली नाही.

मॅडम म्हणाल्या, “आईबाप इथले असतील तर ही जन्मानंच इथली. कायदा हिला उघड्यावर टाकत नाही. उशिरा का होईना, नोंद होते. पण जन्म पाहिलेलं कुणी आहे?”

मावशी दाराकडे बघत होती. दारात कुणी नव्हतं.

“मावशे, बोल,” मी म्हटलं.

“बोलले तर सटवाईला कळंल.”

“मग हिच्या लेकराचं काय?”

मावशीनं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पोरीकडे तोंड केलं. “ही हिच्याच पोटची. माझ्या हातावर झाली. पुरली ती कणिक हाय.”

कुणी हसलं नाही.

परतताना मावशी मागं राहिली, कुणाशी तरी बोलत. “हिला नेऊ नको. तुला फसवलं ते मी. माझ्या घरी ये.” मी वळून पाहिलं नाही.

पाचव्या दिवशी मावशी गेली. म्हातारी होती, जायचीच. तिच्या दारात पाट मांडलेला होता, पाहुण्याला मांडतात तसा.

उकिरडीची नोंद झाली. तिला मुलगी झाली. पाचवी रात्र मी जागून काढली.

उकिरडी आहे. तिची पोर आहे. मी आहे.