अठ्ठावीसची कंबर

२२ नोव्हेंबर, शनिवार. वनरक्षकांच्या सहा खाकी पँटींना हुक लावून द्यायचे होते. चार झाल्या, तेवढ्यात नागपूरहून मुलाचा मेसेज आला. ढगळ पँटीचा फोटो आणि खाली मापं. कंबर अठ्ठावीस.

मी फोन लावला.

“अठ्ठावीस कोणाची?”

“माझीच न, आई.”

“मागच्या वर्षी बत्तीस होती.”

“तवा मी भरतीवाला होतो. आता बारीकच चालते.”

“या पँटीत दोन माणसं मावतात.”

“मावू दे. आतला माणूस बारीक दिसला पायजे.”

“जेवून राह्यला का नाई?”

“जेवतो. भात सोडला.”

धानाच्या मुलखात वाढलेला मुलगा, आणि भात सोडला. गर्दी आहे म्हणून त्याने फोन ठेवला. तो तिथे कपड्याच्या दुकानात आहे. कपडे विकतो आणि तेच कपडे घालून दुकानाच्या व्हिडिओत उभा राहतो.

आलापल्लीतलं आमचं जेन्ट्स टेलरचं दुकान नवरा गेल्यापासून मी चालवते. आठ वर्षं झाली. सुरुवातीला बाप्ये मला माप घेऊ देत नसत. जुना शर्ट टेबलावर टाकायचे, “यावरून शिवा बाई” म्हणायचे आणि रस्त्याकडे बघत राहायचे. त्यामुळे गावातले निम्मे पुरुष मला शर्टांवरूनच माहीत आहेत. पोरांना मात्र लाज नव्हती, हात वर करून उभी राहायची. त्यांचं मागणं दर दोन-तीन वर्षांनी बदललं. आधी बाही दंडाला चिकटलेली पाहिजे. मग पँट एवढी तंग की खाली बसता येऊ नये. मग दाढ्या आल्या, त्यात माझं काही काम नव्हतं. आता सगळं ढगळ आणि आत काडी. मी स्वतः लग्नाला हो म्हटलं ते नवऱ्याची मान पाहून. सोळाची कॉलर लागायची त्याला, हे पुढे कळलं. तेव्हा जाड मान म्हणजे कामाचा माणूस, एवढीच माझी अक्कल.

मुलगा तीन वर्षं पोलीस भरतीच्या पोरांत होता. ती जमातच वेगळी. डोकं बारीक कापलेलं, खिशात भिजवलेले चणे, सकाळी डेपोच्या रस्त्यावर धावायचं आणि मग एकमेकांच्या पोटऱ्या दाबून बघायच्या. दर रविवारी मी त्याची छाती मोजायची. फुगवल्यावर पाच सेंटिमीटर वाढायला हवी, त्याची चारच वाढायची.

“आई, टेप जराशी ढिली धर न.”

“मी धरीन. तिथला साहेब धरीन का?”

बरोबरच बोलले, आजही तेच बोलेन. पण दोन रविवार गेले आणि तो मोजायला उभा राहिला नाही. मग धावणं सुटलं, केस वाढले, तो नागपूरला गेला. त्यानंतर त्याने मला माप घेऊ दिलेलं नाही. लिहून पाठवतो. तो कमी झाला एवढं आकड्यांवरून कळतं. खुशीने झाला की हाल करून, ते कळत नाही.

दुपारी वनरक्षक पँटी न्यायला आला.

“बाई, तुमच्या पोराचा व्हिडिओ पाह्यला. केस पांढरे केले काऊन? आपल्या आधीच म्हातारा झाला का?”

“तुमच्या पोटाचा व्हिडिओ नाई निघत म्हणून बोलून राह्यले. कंबर दोन इंच वाढली तुमची. मी सांगितलं नाई, वाढवून देली.”

तो हसत गेला. मग मी व्हिडिओ लावला. गळ्याची हाडं शर्टाबाहेर आलेली. तो समोर बघतो, हसत नाही. हसणं त्या फॅशनमध्ये बसत नसावं. चार वेळा पाहिला. खाली पोरांनी त्याची तारीफ लिहिली होती. मी काही लिहिलं नाही. परत फोन लावला, तो वाजत राहिला.

त्याची पँट त्याच दिवशी बेतून शिवली. कंबर सांगितली तेवढीच ठेवली, मागच्या शिवणीत आतून दोन इंच कापड जास्त सोडलं. चिठ्ठी लिहिली: मागे कपडा ठेवला आहे, लागला तर उसवून घे. जेवणाचं लिहिलं तर तो चिठ्ठीच वाचणार नाही, म्हणून ते लिहिलं नाही. दुकान बंद करताना लक्षात आलं, दिवसभरात माझं जेवढं बोलणं झालं, तेवढं सगळं कंबरांचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरच्या बसच्या कंडक्टरकडे पार्सल दिलं.

“तिकडे घेईन कोण?”

“पोरगा येईन.”

“ओळखू कसा?”

रुंद खांद्याचा आहे, असं तोंडावर आलं होतं. “बारीक आहे,” मी म्हटलं. “केस पांढरट, कानात बाळी.”

“बाई, अशे पन्नास उभे रायतात तिथी.”

“मग नंबर लिहून घ्या.”

त्याने हातावर लिहून घेतला. मी दोनदा म्हणवून घेतला.