लाल दोऱ्याचं शीड

त्या बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. नागापूरच्या एका छोट्या कारखान्यात त्या विंडसर्फिंगची शिडं शिवायच्या. चाचणीसाठी बनवलेली शिडं तिथं नंतर स्वस्तात विकतात, म्हणून लेकीसाठी एक घ्यायला गेलो होतो. बाईंनी ते जमिनीवर पसरलं. पांढऱ्या शिवणीत मधेच हातभर लाल दोरा! स्वस्त का, ते लगेच कळलं.

चपला काढून बाई शिडावर गेल्या, लाल शिवणीपाशी उकिडव्या बसल्या आणि ती अंगठ्यानं दाबत म्हणाल्या, "टेस्टिंगला हितंच फाटलं हुतं. फाटलेलं आमी लाल दोऱ्यानं शिवतो, म्हंजी नजर ऱ्हाती. हितं भिऊ नका. आता फाटलं तर दुसरीकडं फाटंल."

हा काय दिलासा झाला? तरी घेतलं.

मुळा धरणावर लेक पाण्यात गेली आणि वारा असा सुटला की मी काठाकाठानं तिच्या मागं धावलो. ती हसतच परत आली. मग मी शीड अंथरलं, उकिडवा बसलो आणि एकेक शिवण अंगठ्यानं दाबून पाहिली. कुठंही उसवलं नव्हतं.

लाल शिवण तेवढी तपासलीच नाही, हे घरी आल्यावर लक्षात आलं.