झाकणावरची कुप्पी

ये गं, जरा जवळ सरक. कागदातूनच का होईना, कान इकडे कर, कारण तो धरायचाच आहे. नवी गाडी घेतलीस, पेढे कुरियरने पाठवलेस, चांगलं केलंस. पण परवा फोनवर मी विचारलं की बाई, इंजिनाचं तेल कधी बदलायचं ते पाहून ठेवलंस का, तर म्हणालीस, "मावशी, ते कंपनीवाले बघतात." असं म्हणत जाऊ नकोस. आमच्या घरातही प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा बघतोय. त्याचं काय झालं ते ऐक. मला तर अजून आठवलं की धस्स होतं.

तुझ्या काकांचं सगळं आयुष्य खात्यात गेलं हे तुला माहीत आहे. खातं म्हणजे मागांचा कारखाना, सुरतेत सगळे तसंच म्हणतात. काका तिथे जॉबर, म्हणजे बंद पडलेला माग चालता करणारा माणूस. हातात कायम लांब चोचीची तेलाची कुप्पी. या मागापासून त्या मागापर्यंत जायचं, जिथे लोखंडाला लोखंड घासतं तिथे चोच टेकवायची आणि तेल द्यायचं. माग ते तेल पिऊन टाकतो, उरलेलं खाली गळतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा द्यायचं. मागाचं तेल कोणी बदलत नाही गं. मागाला तेल देतात. हा 'देतात' शब्द लक्षात ठेव, सगळं त्याच्यावरच घसरलं.

खातं सुटलं तरी कुप्पी सुटली नाही. जुने सोबती अधूनमधून पांढरं, पाण्यासारखं पातळ तेल आणून देतात. त्या तेलावर आमचा पंखा चालतो, माझं शिलाई मशीन चालतं, डिंडोलीतल्या आमच्या अर्ध्या सोसायटीच्या बिजागऱ्या गप्प बसतात. शेजारच्या गुजराती बांचा हिंचका, म्हणजे झोपाळा, कुरकुरला की त्या वरूनच हाक मारतात, "भाई, कुप्पी लावजो." म्हणजे कुप्पी घेऊन या. तेवढ्यानेही काकांचा दिवस बरा जायचा. नाहीतर घरी बसल्यापासून पेपर उघडून बसत आणि तासभर पान उलटत नसत. मला तो न उलटणारा पेपर बघवायचा नाही.

मग आमचा मुलगा, तुझा भाऊ, पुण्याला गेला. तिकडे त्याने दुसरी गाडी घेतली आणि ही जुनी आम्हाला ठेवली. म्हणाला, विकून काय मिळणार, आणि हिने मला रस्त्यात कधी दगा दिला नाही. खरंच नव्हता दिला. काकांना तर नवं काम मिळालं. रोज सकाळी आंघोळ झाली की कुप्पी घेऊन खाली. मी गॅलरीत चहा घेऊन उभी राही. बॉनेट उघडलेलं आणि काकांची नुसती पाठ दिसायची. मला वाटे, बिजागऱ्यांना तेल देत असतील. खरं सांगू, त्या पाठीकडे बघून मला फार बरं वाटायचं.

रविवारी मुलाचा फोन यायचा. तो विचारायचा, पप्पा, ऑइलचं पाहिलं ना? काका सांगायचे, दिलंय. तो समजायचा, गॅरेजला दिलंय, बदलून झालंय. तो तिकडे निश्चिंत, हे इकडे निश्चिंत, आणि मी चहा पीत वर उभी.

उन्हाळा लागत होता. तुझ्या आईकडे नंदुरबारला जायचं ठरलं होतं, आठवतं ना, तिने मांडे करायचं ठरवलं होतं. आदल्या दिवशी चाकांत हवा भरायला निघालो. उधन्याच्या सिग्नलला थांबलो तर मागे सगळे भोंगे वाजवायला लागले. मी मान वळवून बघितलं आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं. मागचा रस्ता दिसत नव्हता. निळसर धूर, नुसता धूर. मोटरसायकलवाला बाजूला आला, रुमालाने नाक दाबून म्हणाला, "काका, लोबान करो छो के शुं?" म्हणजे धूप घालताय की काय. आजूबाजूचे हसले. काका हसले नाहीत. खिडकीची काच वर करून गाडी हळूहळू ओळखीच्या गॅरेजपर्यंत नेली.

गॅरेजवाला आपल्याच बाजूचा, अमळनेरकडचा. त्याने बॉनेट उघडलं, तेल मोजायची दांडी काढली, पुसली, पुन्हा घालून काढली. दांडीवर दोन खुणा असतात, तेल त्या दोन्हींच्या मध्ये हवं. आमचं तेल वरच्या खुणेच्याही कितीतरी वर चढलेलं. त्याने बोटावर घेऊन चोळलं, वास घेतला, आणि काकांना विचारलं की याचं तेल कधी बदललं.

काका अगदी सहज बोलले. "कसाले बदलानं? मी रोज देस ना."

बदलायचं कशाला, मी रोज देतो ना. हे त्यांनी इतक्या समाधानाने सांगितलं की गॅरेजवाल्याने हातातलं फडकं तसंच धरून ठेवलं. काय देता, त्याने विचारलं. खात्याचं, काका म्हणाले, चांगलं स्वच्छ असतं. म्हणजे मी इतके महिने वरून बघत होते ते हे. रोज सकाळी एक घोट, इंजिनाच्या पोटात, मागाचं तेल.

"पण तिथे ओतायचं तुम्हाला सांगितलं कोणी?" मी विचारलं.

काकांनी इंजिनावरच्या काळ्या झाकणाकडे बोट दाखवलं. मी वाकून बघितलं. अगं, त्या झाकणावर कुप्पी होती. अगदी काकांच्या हातातल्यासारखी, लांब चोचीची, चोचीतून एक थेंब पडणारी. सगळ्याच गाड्यांवर ते चित्र असतं म्हणे, तेल घालायची जागा कळावी म्हणून. कोणी शिकवायची गरजच नव्हती. जन्मभर जी वस्तू हातात होती तीच त्या कंपनीने काढून ठेवली होती, आणि या माणसाने ते बोलावणंच समजलं.

मग गॅरेजवाल्याने झाकणावर अंगठा घासला. मळ निघाला तसे चित्राच्या खाली आकडे आणि एक इंग्रजी अक्षर दिसलं, फाइव्ह डब्ल्यू थर्टी. या इंजिनाला कोणतं तेल लागतं तेच ते. रोज हात ठेवायचे त्याच झाकणावर लिहिलेलं, आणि आमच्यापैकी कोणी वाचलं नव्हतं. मी तर कधी खाली उतरून बघितलंच नव्हतं.

त्याने खालचा बोल्ट काढला. तेल पडायला लागलं ते थांबेचना. तसराळं भरलं, दुसरं लावलं. काळं, पातळ, गटाराच्या पाण्यासारखं. काका एका टायरवर बसून बघत होते. तो त्यांना समजावत होता. मागासारखं इंजिन तेल पिऊन टाकत नाही, तेच तेच तेल आत फिरवत राहतं, त्यात काजळी साठते, तेल थकतं. म्हणून जुनं सगळं काढून नवं भरायचं, आणि खुणेच्या वर एक थेंबही नको, जास्त झालं की फेस होतो, सील फाडून बाहेर येतं. काका नुसते हूं हूं करत होते. सील गेलं होतं. बाकी इंजिन वाचलंय का ते आतून एकदा धुऊन, चालवून बघितल्यावर कळेल, म्हणाला.

रिक्षाने घरी आलो. तुझ्या आईला फोन करून मीच खोटं सांगितलं की हवा बाधलीय. तिला आता खरं सांगितलंस तरी चालेल.

गाडीचं दुःख मला इतकं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी कुप्पी माझ्यासमोर ओट्यावर ठेवली. म्हणाले, "ही भंगारात दे. माझा हात आता मशीनला लागू नये." आणि पेपर उघडून बसले. पान उलटेना. त्या धुराने मी घाबरले होते, पण याने माझं काळीजच गारठलं. लग्न होऊन आले तेव्हापासून हा माणूस कुप्पीशिवाय पाहिलेला नाही गं. मी ती उचलून तांदळाच्या डब्यामागे लपवली.

बांनी हाक मारली, हिंचका बोलतोय म्हणून. काका जागचे हलले नाहीत. दोनदा असं झालं.

मग गॅरेजवाल्याचा फोन आला. इंजिन वाचलं होतं, सील बदललं होतं, धुण्याचं तेल काढून टाकलं होतं. नवं तेल तुमच्या पसंतीचं आणा, मी भरतो, म्हणाला. काका मला म्हणाले, तूच जा. मी म्हटलं, मला फक्त शेंगदाण्याचं कळतं. शेवटी दोघं गेलो. गाडीजवळ ते जरा वेळ हात मागे बांधून उभे राहिले. मग एकाएकी वाकले, ते झाकण फिरवून काढलं, रुमालात गुंडाळून खिशात टाकलं. खात्यात असंच करायचे, मागाचा तुटलेला भाग खिशात घालून दुकानात जायचं आणि नमुना दाखवून तसाच मागायचा.

दुकानात त्यांनी झाकण काउंटरवर ठेवलं आणि सांगितलं, याला लागतं ते द्या. दुकानदाराने झाकणाकडे बघितलंच नाही. गाडी किती जुनी विचारून जाडजूड तेलाचा डबा पुढे केला. म्हणे सुरतच्या गरमीत पातळ तेल टिकत नाही, जुन्या इंजिनाला घट्टच घाला, आवाज मरतो. मला पटायला लागलं होतं, तुपासारखं, घट्ट ते चांगलं.

काकांनी झाकण त्याच्या बाजूला वळवलं. "एकदा मी माझ्या मनाने दिलं भाऊ. आता याच्या मनाने द्या."

दुकानदाराने फळीवरून दुसरा डबा काढला. काकांनी आकडा झाकणावरचा आणि डब्यावरचा, बोट ठेवून ताडून बघितला. त्या बोटाकडे बघून माझे डोळे भरून आले, मी पदराने चष्मा पुसायचं निमित्त केलं. घरी आल्यावर म्हणाले, बांच्या हिंचक्याला तेल द्यायचं होतं, कुप्पी कुठे टाकलीस. मी तांदळाच्या डब्यामागून काढून दिली.

आता रविवारी सकाळी खाली जातात. दांडी काढतात, पुसतात, बघतात आणि काहीही न ओतता वर येतात. न ओतता वर येणं त्यांना अजून जड जातं, जिन्यातच कळतं मला. तेल बदलायचं वर्षातून एकदा, नाहीतर दहा हजार किलोमीटर झाले की, जे आधी होईल ते. आमची गाडी भाजीपुरतीच फिरते, तिचे दहा हजार कधी व्हायचे? तुझीही तशीच, घर ते ऑफिस. किलोमीटर झाले नाहीत म्हणून बसून राहशील, म्हणून मी इतकी ओरडले.

आणि एकच गाडी, तीही आठवड्यातून एकदाच बघायची, याने काकांचा आठवडा भरत नाही. तू ये. आईलाही घेऊन ये, मांडे इथेच करू. गाडी घेऊनच ये, आणि निघण्याआधी तुझ्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचून ठेव, ते आल्या आल्या विचारतील. मी सांगितलं असं बोलू नकोस, नुसतं बॉनेट उघडून दे आणि वर माझ्याकडे चहाला ये. फार दिवस लावू नकोस गं.