सासऱ्यांची टिचकी

सासऱ्यांचा जॅमचा कारखाना अंबरनाथला, आनंदनगरात. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, मोठाली पातेली आणि कामाला चार बायका. हंगामात बदलापूरहून जांभळं आली की सगळ्यांचे हात जांभळे. बाटल्या गार झाल्या की सासरे रॅकसमोरून चालत जायचे आणि प्रत्येक झाकणावर टिचकी मारायचे. घट्ट झाकण टण्ण वाजतं, हवा शिरलेलं थप्प. थप्प वाजलेली बाटली ते मुकाट्याने बाजूला काढायचे. घरीही बोलणं कमीच.

ऐन हंगामात ते गेले. तेरावं उरकून नवऱ्याने शेड उघडली आणि स्वतःच्या हाताने पहिला माल काढला. तो न्यायला उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या व्यापाऱ्याचा टेम्पो दुपारी येणार होता. बायका बाहेर जेवायला बसल्या होत्या. मी लेबलं चिकटवत होते, नवरा समोरच फोनवर बोलत होता.

टण्ण.

मला वाटलं, पत्रा तापलाय. मग पुन्हा टण्ण. टण्ण. आवाज रॅकच्या डाव्या टोकापासून एकेक बाटली पुढे सरकत होता. नवऱ्याने फोन खाली घेतला. रॅकजवळ कुणीच नव्हतं.

थप्प.

पुढे काही नाही.

"ऐकलंस?" नवरा कुजबुजला.

"मधल्या फळीवर," मी म्हटलं.

त्याने ती बाटली उचलली. झाकण फिरवताच फस्स झालं आणि आंबूस वास आला. तिथून पुढच्या सगळ्या बाटल्या तशाच निघाल्या. टेम्पो रिकामा परत गेला. व्यापारी फोनवर ओरडला, "अरे, पार्टी को क्या बोलूँ मैं?"

"माल खराब है, नहीं दूँगा," एवढंच नवरा म्हणाला.

संध्याकाळी भीत भीत सासूबाईंना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही.

"माझं काही विचारलं का?"

"आई, नुसता आवाज होता."

"हो. त्यांचं तेवढंच असायचं."

दुसऱ्या दिवशी त्या आमच्याबरोबर रिक्षात बसल्या. एवढ्या वर्षांत शेडमध्ये त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. आता बायका जेवायला गेल्या की त्या रॅकसमोर खुर्ची टाकून बसतात. मी आत डोकावले तर हातानेच थांब म्हणतात. परवा बाहेर उभी असताना मला त्यांचं हसणं ऐकू आलं, नव्या नवरीसारखं, दबकं. त्या वेळेला मी आता शेडच्या दाराशीही जात नाही.