बटण सोडायचं कुणी सांगितलं नव्हतं

दुधनेच्या काठावर पत्र्याची एक खोली, खोलीत वायरलेस आणि खाली नदीत रोवलेली मोजपट्टी. ऐंशीनंतरच्या त्या पावसाळ्यांत एवढाच माझा संसार. नदीकाठच्या अशा खोल्यांतून आम्ही पाणी मोजणारे एकेकटे बसायचो. साहेबांची जीप फिरतीवर असायची आणि चालत्या गाडीतून वायरलेसवर विचारायची, "पाणी किती?" आपण पट्टी बघून सांगायचं. जेवलास का, असं मात्र एकाच्याही तोंडून कधी निघालं नाही. लय एकटं वाटायचं.

लग्न झालं आणि चार दिवसांत मी पुन्हा तिथंच येऊन पडलो. बायको पाथरीला. एकदा साहेब रजेवर होते, तर ड्रायव्हरनं सकाळीच वायरलेसवर चिडवलं, "वहिनी यष्टीनं परभणीला आल्यात. घेऊन येऊ, का ऱ्हाऊ द्यू?" मी खोली झाडली, धुतलेला सदरा घातला, पिठलं करून ठेवलं.

दुपारी जीपमधून आवाज आला, "निघालो. फरशीजवळ पाणी किती?"

फरशी म्हणजे नदीवरचा बुटका पूल. जीप त्याच्या पलीकडं, मी अलीकडं. पाणी तेव्हा फरशीच्या बरंच खाली होतं. तेवढंच सांगितलं असतं तरी ते खोटं नव्हतं. पण वरच्या अंगाच्या खोलीतल्या माणसानं नुकतंच कळवलं होतं, मोठा लोंढा येतोय म्हणून. विचारलं तेव्हाचं पाणी सांगायचं, की जीप फरशीवर पोचेल तेव्हाचं? शेवटी म्हणालो, "येऊ नका. परत फिरा."

थोडा वेळ खरखर. मग एकदम तिचा आवाज! ड्रायव्हर गाडी वळवायला जागा बघायला उतरला होता, बोलायचं यंत्र तिच्या हातात देऊन.

"अवो, मी बोलायले. एवढ्या लांबून आले, अन् येऊ नका म्हणता व्हय?"

मी बोललो की! पण त्या यंत्रावर बटण दाबून बोलायचं आणि सोडून ऐकायचं असतं. दाबायचं तिला सांगितलं होतं, सोडायचं कुणी सांगितलंच नव्हतं.

"बोला की. रागावलात का माझ्यावर? धपाटे आणलेत तुमच्यासाठी." मग जरा थांबून, "बरं. नका बोलू."

मी इकडं ओरडतोय, "अगं, बटण सोड!" तिला काय ऐकू जाणार, कप्पाळ! बाकीच्या खोल्यांतले मात्र सगळे तिचं बोलणं ऐकत होते.

मग ड्रायव्हरचा आवाज आला. "काय भाऊ, एक शब्दबी न्हाई बोललात? वहिनी रडायल्यात." मी सांगायला लागलो, तोवर परत फिरलेली जीप चढाच्या आड गेली आणि आवाज तुटला.

मी पट्टीपाशी जाऊन बसलो. आता पाणी चढावं, फरशी बुडावी म्हणून नदीला हात जोडले. नाही चढलं तर तिला उगाच परत पाठवलं असं झालं असतं, आणि ते मला सोसलं नसतं. दिवस कलता कलता पाणी फरशीवरून वाहायला लागलं. मला हायसं वाटलं, आणि लगेच हुंदका फुटला.

खोलीत वायरलेसवर खालच्या अंगाच्या खोलीतला माणूस विचारत होता, "पाणी किती?"

मी आत गेलो, बटण दाबलं, आणि तोंडून शब्दच फुटेना.