पाटीवरचे सहाशे वॅट

आई गेली त्याला सहा वर्षं झाली. तिचा आवाज आमच्याकडे फक्त एका व्हिडिओ कॅसेटवर उरला होता, बहिणीच्या साखरपुड्याच्या. ती संगणकावर उतरवून घेतली तर नुसती घरघर. ती घरघर काढणारा प्रोग्रॅम मिळाला, पण त्याला दणकट ग्राफिक्स कार्ड लागत होतं. बोईसरहून ते आणलं, जुन्याच संगणकात बसवलं आणि घिवलीच्या घरात भर दुपारी चालू केलं.

घरघर विरली. पडद्यावरच्या चिकूच्या वाडीतून आईने मला घरच्या नावाने हाक मारली. मग दुसरी. आणि संगणक ठप्प. डोक्यावरचा पंखा मात्र फिरतच होता.

चार वेळा लावलं. चारही वेळा दोन हाका, मग तिने श्वास घेतल्याचा आवाज, की बंद. आमच्याकडे लहानपणापासून बजावतात, बाहेरून कुणी हाक मारली तर तिसरीशिवाय ओ द्यायची नाही. माणूस तिसऱ्यांदा मारतो, 'ते' दोनवर थांबतं. मी शाळेत विज्ञान शिकवतो, मुलांसमोर असल्या गोष्टींची टर उडवतो. त्या दुपारी मी मागचं दार लावून घेतलं आणि लगेच स्वतःचाच राग आला.

तणतणत कागद ओढला. कार्डाला दोनशे वीस वॅट, प्रोसेसरला शंभर, बाकी सटरफटर पन्नास. पॉवर सप्लायच्या पाटीवर सहाशे. म्हणजे खोट विजेची नव्हती. मग कशाची, हे मला कागदावर लिहवेना.

बाबा मागे येऊन उभे होते. कारखान्यात विजेच्या पॅनेलवर उभा जन्म काढलेला माणूस, आई गेल्यापासून मोजकंच बोलणारा.

"पाटीवर काय पन लिवतील. खोल नि हातात दे."

सप्लायचा डबा त्यांनी बाजारात पापलेट तोलावा तसा तळहातावर तोलला. "हलका हाय. आत काय नाय याच्यात."

मग मी पाटीवरची बारीक अक्षरं वाचली. कार्ड आणि प्रोसेसर दोघांना पोसणारी बारा व्होल्टची लाइन जेमतेम वीस अँपिअरची. बारा गुणिले वीस, दोनशे चाळीस वॅट; दोघांना मिळून लागत होते तीनशे वीस. मोठ्या आकड्याला भुललो होतो. गावाच्या कुंपणापलीकडे अख्खं वीजकेंद्र आणि घरात हे, दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. दर वेळी कार्ड पुऱ्या ताणावर यायला तेवढाच वेळ लागत होता, म्हणून दर वेळी तीच जागा. सगळं पटलं. दार मात्र मी उघडलं नाही.

दोन दिवसांनी चांगला, जड सप्लाय आणला. बाबांनी आधी हातात घेतला, मान डोलावली, मग मी बसवला. खरं सांगायचं तर आता तो बंदच पडावा असं मला वाटत होतं.

पहिली हाक. दुसरी. तो श्वास. मी टेबलाची कड घट्ट धरली.

तिसरी आली. जरा चिडलेली, अगदी जवळून. पडद्यावर कुणीच नव्हतं, नुसती चिकूची पानं हलत होती.

बाबांचा हात खांद्यावर पडला.

"तिसरी हाय," ते म्हणाले. "ओ दे ना रे तिला."